जुईचा मफलर

५ जानेवारी, सोमवार
वेणी घालताना जुईनं विचारलं, "आजी, मले विणाले शिकवशीन?" कोणासाठी ते विचारायची गरज नव्हती. परवा कोर्टात आईला भेटून आल्यापासून एकच पालुपद. आईचा घसा बसला, आई सकाळच्या पहिल्या गाडीनं कामाला जाते, तिच्या माहेरी धनजले लय थंडी आहे. आईसाठी मफलर करायचा म्हणे.
सत्तावीस वर्षं शाळेत पोरींना शिवण-विणकाम शिकवलं. एकुलती नात नऊ वर्षांची झाली, तिच्या हातात सुया दिल्या नाहीत. आता द्यायच्या, त्या पण त्या बाईसाठी.
हो म्हटलं. वकीलसाहेब म्हणाले आहेत, पोरीला खूश ठेवा. कोणाकडे राहायचं ते कोर्टातल्या जज मॅडम तिलाच विचारणार.
सुनेचं पूर्ण नाव या वहीत लिहायचं नाही. दीड वर्षापूर्वी घर सोडून गेली, पोरगी आम्ही ठेवून घेतली. अ. एवढं पुरे.

६ जाने.
जुईला मरून लोकर पाहिजे होती. कपाटात चांगल्या तीन लडी आहेत. काढल्या नाहीत. यांच्या जुन्या स्वेटरची उसवलेली मातकट लोकर होती, ती दिली. "हाच रंग आहे?" "हाच."
चाळीस टाके घालून दिले.

९ जाने., शुक्र.
पोरीचा हात चांगला आहे, हे लिहायला जड जातं. दोन सुलट, दोन उलट, तीन दिवसांत बसलं. शाळेत ज्या पोरींना हे यायला महिना लागायचा त्यांच्या बोटांवर मी सुई मारायची. हिला मारायला कारण सापडत नव्हतं. आज जीभ बाहेर काढून विणत होती म्हणून मारली.
रडली नाही. जीभ आत घेतली.

१७ जाने., शनि.
भेट. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, अकरा ते एक. नेहमीप्रमाणे मीच घेऊन गेले, माझा प्रवीण येत नाही, बायकोला पाहिलं की त्याचं डोकं फिरतं. भेटीच्या खोलीचं दार उघडं ठेवतात, बाकावर बसून सगळं ऐकू येतं. जुई सांगत होती, "तुह्यासाठी एक चीज करून राह्यली. काय ते नाही सांगत." अ. म्हणाली, "खायाची का घालायाची?" दोघी हसत बसल्या.
जाताना अ. माझ्याजवळ आली. "बऱ्या आहात ना आई? बीपीची गोळी चालू आहे?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकला पाच कमी होते. जुईला म्हटलं, "चाल, टाइम झाला."

२० जाने.
आज पहिल्यांदा उसवलं.
जुई शाळेत. विणकाम पलंगावर पडलेलं. हात लावून पाहिलं, वीतभर झालंय. दोन आठवड्यांत वीतभर. आता हात बसलाय, वेग वाढला की ७ फेब्रुवारीच्या भेटीला तयार. मग अ. ते गळ्यात घालून कोर्टात मॅडमसमोर उभी राहणार. पोरीनं आईसाठी स्वतःच्या हातानं केलं. आमच्या वकिलाकडे याच्यावर कोणता कागद आहे?
आठ ओळी काढल्या. टाके पुन्हा सुईवर घेतले. लोकर गुंडाळून गुंडा होता तसा ठेवला. इतक्या वर्षांचा हात. कोणाला कळणार नाही.

२२ जाने.
आठ.

२३ जाने.
सहा. आज ती लवकर आली, जेमतेम झालं.

२७ जाने., मंगळ.
"आजी, हे कमी झालं."
"कमी कसं होईन?"
"कालच्यापेक्षा कमी आहे."
म्हटलं, तुझा हात घट्ट आहे, घट्ट विणलं की वीण आखडते, रात्रभरात लोकर आत जाते. तिनं विश्वास ठेवला. ढिलं विणायला लागली. आता वीण खरंच बिघडली.
सगळ्या नोकरीत मी पोरींशी वाईट वागले असेन, पण टाक्याच्या बाबतीत खोटं कधी सांगितलं नाही. आज सांगितलं. दुपारी चांगली झोप लागली.

६ फेब्रु., शुक्र.
उद्या भेट. मफलर अर्धा पण नाही. जुई शाळेतून आली ती दप्तर न काढता विणायला बसली. जेवायला उठेना. शेवटी सुया टाकून दिल्या. "मले येतच नाही. मी कितीबी केलं तरी तेवढंच राह्यते."
मी म्हटलं, "तुह्या मायलेबी काही पुरं करता येत नव्हतं. तिच्यावरच गेली तू."
प्रवीण जेवता जेवता हसला. जुईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पोळी खाल्ली.

७ फेब्रु.
भेट. अ.नं विचारलं, "कुठं आहे माही चीज?" जुईनं मान खाली घातली. मी बाकावरूनच सांगितलं, "मन नाही तिचं त्याच्यात. चार दिवस नाद होता."
अ. म्हणाली, "राहू दे बेटा. मले घाई नाही."
घरी येताना ऑटोत जुई माझ्याजवळ बसली नाही. मधे पिशवी ठेवली.

१२ फेब्रु.
प्र. आज दुकानातून तापूनच आला. जुईच्या हातून दुधाचा ग्लास सांडला. तो ओरडला तो असा की शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली. जुई भिंतीला टेकून उभी. हात उचलला नाही त्यानं, ते खरं लिहिते.
मी ओट्याशी होते. माझा हात मिक्सरच्या बटणावर गेला. भांड्यात काही नव्हतं. रिकामा मिक्सर फिरत होता.
अ.च्या वेळीही मी हेच करायची. आतल्या खोलीत आवाज सुरू झाला की मी शेंगदाण्याचा कूट करायची. त्या वर्षी घरात कूट संपलाच नाही. कोर्टात वकिलानं मला विचारलं, मुलानं कधी सुनेवर हात उचलल्याचं ऐकलं? मी म्हटलं, कधी ऐकलं नाही.
हे पान फाडायला पाहिजे.

१३ फेब्रु.
फाडलं नाही. मफलरच्या सहा ओळी.

१९ फेब्रु., गुरु.
गणिताच्या वहीवर सही करायला मागची पानं चाळली. शेवटच्या पानावर पेन्सिलनं, बारीक अक्षरात:
सोम. ठेवताना ६८ ओळी. मंगळ. घेताना ६०.
मंगळ. ठेवताना ७१. बुध. घेताना ६५.
खाली दुसरं काही नाही. माझं नाव नाही. प्रश्नचिन्ह नाही.
सही केली, वही दप्तरात ठेवली. आज मफलरला हात लावला नाही.

२० फेब्रु.
सकाळी ती विणकाम दप्तरात घालून शाळेत घेऊन गेली. "कायले नेतं? हरवशीन." म्हणाली, "नाही हरवत." सुया टोचतील म्हणून टोकांना खोडरबर खोचले होते. हे मी शिकवलेलं नाही.

२५ फेब्रु.
बोलणं बंद नाही. आजी, वेणी घाल. आजी, पोळी दे. आजी, चप्पल सापडत नाही. सगळं बोलते. फक्त विणताना माझ्याकडे पाठ करून बसते.
आज टाका सुटला तिचा. लांबून दिसला मला, खाली तीन ओळी शिडी पडत गेली. क्रोशाच्या सुईनं दोन मिनिटांचं काम. सांगितलं नाही. तिला दिसला तेव्हा ती पाच ओळी पुढे होती. दोन्ही बाजूंनी पाहिलं, भोकात बोट घातलं, मला हाक मारली नाही. पुढे विणत राहिली.

१ मार्च, रवि.
पुरा केला. टाके बंद कसे करायचे ते मी शिकवलं नव्हतं. प्र.च्या मोबाइलवर पाहून केलं. काठ जरा खेचला गेलाय. बाकी वीण माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरींपेक्षा बरी.
मला दाखवला नाही. मी पाहिला ती आंघोळीला गेली तेव्हा.

७ मार्च, शनि.
दिला. कोर्टाच्या पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या आणि अ.नं तो गळ्याभोवती दोन वेढे देऊन घातला. भोक समोरच आलं. अ.नं त्यातून बोट बाहेर काढून हलवलं, "हे काय वं, खिडकी ठेवली का?" जुई हसली. पोट धरून हसली. बाजूचा शिपाईसुद्धा हसला.
असं हसणं दीड वर्षात माझ्या घरात झालेलं नाही.
अ. पूर्ण दोन तास तो काढायला तयार नव्हती. मान लाल झाली तिची.

१८ मार्च, बुध.
मॅडमनी जुईला आत एकटीला बोलावलं. वीस-पंचवीस मिनिटं. प्र. बाहेर येरझाऱ्या घालत होता, अ. खांबाजवळ उभी होती, तिचा भाऊ चहा आणायला गेला तो आलाच नाही.
बाहेर आली. प्र.नं विचारलं, "काय म्हटलं तू?" ती फाटकाकडे चालायला लागली. घरी मी गोडीत घेऊन विचारलं. आवडते म्हणून शेवभाजी केली होती.
"मॅडमनं काय विचारलं बेटा?"
"दिवसभर काय करते म्हणून."
"मग?"
"सांगितलं, विणते."
"आणखी?"
"मॅडमले सांगितलं ते मॅडमले सांगितलं."
शेवभाजी दोनदा मागून घेतली.

१४ एप्रिल
सकाळी विहारात वंदना. जुईला पांढरा फ्रॉक. सगळ्या बायका म्हणत होत्या, आजीवर गेली, आजीसारखीच सरळ बसते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं ठेवू दिला. हाताखाली खांदा लाकडासारखा.

२८ एप्रिल, मंगळ.
कोर्टानं सांगितलं, शेवटचा निकाल जूनमध्ये. तोपर्यंत उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवस आईकडे. ३ मेला न्यायचं, १७ला आणायचं. वकील म्हणतात, पंधरा दिवसच तर आहेत, याचा अर्थ काही लावू नका. प्र.नं ताट फेकलं. वरण भिंतीवर. मी पुसलं. जुईनं बादली आणून दिली, न सांगता.

३ मे, रवि.
बॅग मी भरली. चार फ्रॉक, टॉवेल, पुस्तकं. तिनं सुया आणि उरलेला गुंडा वर ठेवला होता. मी काढून घेतला. "एवढ्या उन्हाळ्यात कोण विणते? घामानं लोकर खराब होते." तिनं बॅगची चेन लावली.
अ.चा भाऊ मोटरसायकल घेऊन आला, अ. मागे बसून. उंबऱ्याच्या आत आली नाही. जुई दोघांच्या मधे बसली. मी म्हटलं, "फोन करजो." "करतो," म्हणाली.
गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं. मागे वळून पाहते की नाही ते मधे बसल्यामुळे कळलं नाही.

५ मे
फोन नाही. घरात पंख्याचा आवाज फार येतो. कपाटातली मरून लोकर काढली, तिच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घेतला. माप कशावरून घ्यायचं? जुना फ्रॉक दोरीवर होता, त्यावरून घेतलं.

७ मे, गुरु.
सकाळी साडेदहाला फोन आला. आवाज घुमत होता, स्पीकरवर लावला होता बहुतेक. जेवली का, ऊन किती आहे, असं झालं. मामानं कारंज्याच्या बाजारातून नव्या सुया आणल्या म्हणे. मग म्हणाली,
"आजी, एक विचारू?"
"विचार ना माय."
"उलट टाका घालताना दोरा सुईच्या पुढे घ्यायचा का मागे?"
मी म्हटलं, "मागे."
का म्हटलं माहीत नाही. विचार केला नव्हता. तिथं नव्या सुया, तिथं विणकाम, आता तिथंच शिकणार, एवढंच डोक्यात होतं आणि शब्द निघून गेला. दोरा मागे ठेवून उलट टाका होतच नाही, गुंता होतो.
ती म्हणाली, "बरं." फोन ठेवला.

७ मे, चार वाजता
दुपारी पडले होते, उठून बसले. दोन सुलट, दोन उलट. अख्खा मफलर तसाच आहे. हजारो उलट टाके घातलेत पोरीनं, एकही चुकीचा नाही. जानेवारीपासून येतं तिला.
मग विचारलं काहून?

८ मे, शुक्र.
सकाळपासून दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा वाजू दिला. अ.नं उचलला.
"बोला आई."
मी म्हटलं, "जुईले सांग, दोरा पुढे घ्यायचा असते. काल माह्या तोंडून चुकीचं गेलं."
पलीकडे कुठंतरी बकरी ओरडत होती. अ. रागानं नाही बोलली, तेच वाईट.
"तिले मालूम आहे, आई."
"दे ना तिच्याजवळ."
अ.नं फोनवर हात ठेवला असेल, आवाज बुजला. काहीतरी विचारलं, काहीतरी उत्तर आलं. मग म्हणाली, "खेळून राह्यली ते."
सतराला नऊ दिवस आहेत. प्र. विचारत होता, घ्यायला तू येतं का मी एकटा जाऊ. अजून सांगितलं नाही.