दाजींची कादंबरी यंत्रात

७ मार्च १९९९. सांगली.
आक्काकडे आलो. अनीशने अमेरिकेहून आईसाठी पुस्तक वाचायचं यंत्र पाठवलंय. पाटीएवढं, काळं. स्वतःला नवं घेतलं म्हणून जुनं मातृदेवतेला. बटण दाबलं की अक्षर मोठं होतं. आत एकच पुस्तक आहे, इंग्रजी, कोंबडी भाजण्याच्या कृतींचं. आक्का सोवळ्यातली आणि तिचं इंग्रजी सहीपुरतं.

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली दिवाळीपर्यंत पुरली तर नशीब. काय वाचायचं ते मोठ्या अक्षरात आत्ताच वाचून घ्या.

आक्काला एकच वाचायचंय. दाजींची कादंबरी. दाजी म्हणजे तिचे यजमान, कै. सुमंतराव, तासगावला बेदाण्याच्या शेडवर मॅनेजर होते. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तीही मुंगीएवढ्या टाइपात छापली. निघाल्याबरोबर तासगावकरांनी ठरवून टाकलं की त्यातली नायिका म्हणजे तिथल्या कन्याशाळेच्या बाई. आक्काने पुस्तकाला हात लावला नाही. दाजी गेले तरी नाही. आता म्हणते, ती कोण ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मी वाचून दाखवतो म्हटलं, तर म्हणाली, त्यात काय निघेल ते दुसऱ्याच्या तोंडून नको रे बाबा.

तिला साधारणीकरणाचा सिद्धांत समजावला. काव्यातली नायिका ही कोणी एक बाई नसतेच. ऐकताना तिने पदराला गाठ मारली. काही विसरू नये असं वाटलं की मारते, संध्याकाळपर्यंत पदराची जपमाळ होते. कशाची गाठ विचारलं. म्हणाली, कादंबरीची, तू विसरशील म्हणून.

संकल्प: महिन्याच्या आत कादंबरी यंत्रात. एकुलती एक प्रत आणि यंत्र घेऊन निघालो.

१० मार्च. सातारा.
यंत्रात पुस्तक भरायची कंपनीची रीत अशी की टेलिफोनवरून अमेरिकेतल्या त्यांच्या दुकानाला कॉम्प्युटर जोडायचा. इथून एसटीडीने कराडसुद्धा लागत नाही. शिवाय दाजी त्या दुकानात नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे मजकूर इथेच टाइप करून केबलने आत सोडायचा. सोपं आहे. हिने, म्हणजे सौ. ज्ञानदाने, एवढंच म्हटलं की आपल्या व्हीसीआरवर घेतल्यापासून बारा वाजलेले आहेत. दुर्लक्ष केलं.

१४ मार्च.
यासीनच्या डीटीपीत गेलो. लग्नपत्रिका छापतो. माझा विद्यार्थी, संस्कृतात नापास, त्यामुळे आदर टिकून आहे. म्हणाला, सर, केबल बसती, पण कॉम्प्युटरला तसलं भोक एकच हाय, तिथं माउस हाय. केबल लावली की माउस जातो, माउस लावला की केबल. हा अन्योन्याश्रय दोष झाला. मी म्हटलं, काळजी नको, मी आहे. तो म्हणाला, तीच तर हाय.

२८ मार्च.
टाइप करायला सोयीचं म्हणून पुस्तकाची शिवण उसवून पानं सुटी केली. पहिलं प्रकरण वाचलं. दाजी माणूस म्हणून उत्तम होते. गद्य मात्र बेदाण्याच्या पेटीसारखं, खिळे वर आलेले. असंच्या असं आक्काच्या हातात देणं क्रूरपणा होईल. टाइप होता होता किरकोळ संस्कार करतो.

१६ मे.
शाळेला सुट्टी. तरी सातव्या प्रकरणापर्यंतच. संस्काराला वेळ लागतो.

नायिका फार कच्ची रंगवलीय. चिडली की भांड्यांशी बोलते. सारखी पदराला गाठी मारते. असं कोणी करत नाही. काढलं. नायक तिला 'ऐकलंस का' म्हणतो. तिथे 'प्रिये' घातलं. दाजींनी तिचे डोळे 'जरा घारे, एक किंचित लहान' केले होते. मी कमलपत्राक्षी केली. आता कुठे नायिका वाटते.

आक्काचा फोन. कुठवर आलं? दुरुस्त्या चालल्यात म्हटलं. म्हणाली, चुका राहू देत रे, माणूसच तसा होता.
वाचकाने लेखनप्रक्रियेत पडू नये.

४ जुलै.
मोठा दिवस. केबल लावली, माउस काढला, यासीनने नुसत्या कीबोर्डवर काम केलं. मजकूर यंत्रात गेला! पडद्यावर सगळं इंग्रजी. पण इंग्रजीही नव्हे. डब्ल्यू, डॉलर, अर्धा कंस, पुन्हा डब्ल्यू. यासीन म्हणाला, सर, आपला मराठी फॉन्ट माझ्या मशीनमध्ये हाय, ह्याच्यात न्हाई. मग आधी का बोलला नाहीस? म्हणाला, मला वाटलं तुमी आनलाय अमेरिकेचा.
घरी सांगितलं, तत्त्वतः यश आलं.

८ ऑगस्ट.
अख्तरबींचा फोन. आक्काच्या शेजारी राहतात. आवं भाऊ, आक्कांना तव्यावरची पोळी दिसंना झालीया. काल हात भाजून घेतला. मी म्हटलं रांधून देते, तर मलाच वरडल्या. बाकी काय म्हनत न्हाईत, रोज पोस्टमनला तेवढं इचारतात, साताऱ्याचं काय आलंय का. तुमचं ते मशीन ऱ्हाऊ द्या, तुमी पुस्तक घिऊन या.
बाई भली आहे. पण पुस्तक आता पुस्तक राहिलेलं नाही, हे तिला फोनवर कसं समजावणार? पानं सुटी, त्यांवर माझी लाल शाई.

१९ सप्टेंबर.
तोड सापडली! माझीच. पान मोठ्या अक्षरात कागदावर छापायचं, त्याचा फोटो स्कॅन करायचा आणि फोटोच यंत्रात सोडायचा. फोटोला फॉन्ट लागत नाही. यासीनने सगळी कादंबरी बोराएवढ्या अक्षरात छापून काढली. भलामोठा गठ्ठा. घरी आणून तपासत बसलो तर ही आली, वरचं पान चष्मा न लावता खडाखडा वाचलं आणि म्हणाली, अहो, हेच घेऊन उद्याच्या एसटीने सांगलीला जा की!

कागद? आणि यंत्राचं काय? अनीशला काय वाटेल? तिने ते पान गठ्ठ्यावर परत ठेवलं. मग पोळ्या करायला गेली. भांडी फार आपटत होती.

३१ ऑक्टोबर.
स्कॅनिंग पूर्ण. उशीर यासीनमुळे. मध्ये निवडून आलेल्यांच्या अभिनंदनाची पत्रकं, मग दसऱ्याच्या सेलची. शेवटची केबल आज निघाली. पडद्यावर एका वेळी चार शब्द, पण काय ते शब्द! गठ्ठ्याचं काम संपलं. पाठकोऱ्या कागदांच्या यासीन हिशेबाच्या चिठ्ठ्या करणार आहे, नेऊ दिला.
दिवाळीपर्यंत म्हणाले होते डॉक्टर. दिवाळीच्या आत झालं. यालाच नियोजन म्हणतात.

भाऊबीज. सांगली.
आक्काने ओवाळलं. जरा डावीकडे ओवाळलं, कुंकू कानापाशी लागलं. माजघरात उजेड कमी असतो.

ओवाळणी म्हणून यंत्र हातात ठेवलं. तिने दोन्ही हातांनी धरलं, काचेवरून बोटं फिरवली. दिसतं का विचारलं. म्हणाली, हो रे, किती छान मोठं अक्षर केलंस. मी बटण दाखवलं. ती दाबत राहिली. बराच वेळ वाचलं. मीही बोललो नाही, रसभंग नको.

अख्तरबी फराळाचं ताट परत द्यायला आल्या. त्यांना दाखवावं म्हणून यंत्र घेतलं तर पडदा काळा. प्रवासात केव्हातरी बॅटरी संपली असणार. चार्जर साताऱ्यात. अख्तरबींनी माझ्याकडे पाहिलं आणि ताट न ठेवताच गेल्या.

मग आक्का म्हणाली, आता तूच सांग. तू सगळी वाचलीयस. ती कोण रे? खरं सांग, मी काही म्हणणार नाही. आपल्या ओळखीची आहे का कोणी?
मी अगदी मनापासून सांगितलं, नाही आक्का. ओळखीची कोणी नाही. अशी बाई मी तरी उभ्या जन्मात पाहिली नाही.
ती म्हणाली, मग त्या कन्याशाळेच्या बाईच.
नंतर करंज्या खाल्ल्या.
एकूण, वाचकापर्यंत कादंबरी पोचली. चार्जर पोस्टाने पाठवतो म्हटलं. बरं म्हणाली.