सहावा गडी

॥ श्री ॥
सानगडी,
९ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. शोभाताईस,
धनीरामचा सा. न. वि. वि.

मी इथे गोदावरीमावशीकडे आलो आहे आणि मोहाडीला परत जाणार नाही. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे दादाची बाजू घेऊन समजूत घालणारं पत्र तू लिहायला घेतलं असशील तर ते फाडून टाक. तुझ्या शाळेतल्या पोरींना समजाव, मला नको.

शील्डची बातमी दादाने कळवलीच असेल. लागोपाठ पाचव्या वर्षी आपल्या मंडळाने जिल्ह्याची बास्केटबॉलची शील्ड नेली. भंडाऱ्याला २२ जानेवारीला जवाहरनगरच्या संघाशी अंतिम सामना झाला. आपले एक्कावन्न गुण, त्यातले तेवीस माझे. हे मात्र त्याने कळवलं नसेल. आणि ते तेवीस मी कधी केले? सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर. तोपर्यंत मी दादाच्या सांगण्यावरून अंगावर चादर घेऊन बाकावर बसलो होतो आणि मागची माणसं एकमेकांना विचारत होती की याचा पाय मोडला काय.

सामना पाहायला नागपूरच्या एका कारखान्याचे क्रीडा अधिकारी आले होते. त्यांना संघासाठी दोन गडी हवे होते, पक्क्या नोकरीवर. त्यांनी परसराम आणि जागेश्वरला घेतलं. परसराम! त्याला डाव्या हाताने चेंडू आपटतासुद्धा येत नाही. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले की खेळ तुमचाच सगळ्यांत चांगला, पण कागदावर तुम्ही राखीव आहात; आमच्याकडे पहिल्या पाचातलेच घेतात, राखीव गडी नेला तर वरचे मला जाब विचारतील. ताई, दादा तिथेच उभा होता. शील्ड कापडात गुंडाळत होता. हा राखीव नाही, ही आमची खेळायची पद्धत आहे, एवढं त्याला सांगता आलं नाही. तोंडात पान होतं काय?

आता तुझ्यावरचा राग. तुमसरला कोंबड्या पाळायला शिकवणारा तो अमेरिकन जाताना दादाला खेळाच्या मासिकांचा गठ्ठा देऊन गेला आणि तू सात वर्षं त्यातला एकेक लेख मराठी करून पाठवते आहेस. बोस्टनचा संघ लागोपाठ आठ वर्षं अजिंक्य राहिला, त्यांचा एक उत्तम गडी सुरुवातीला बाहेर बसायचा आणि समोरचे दमले की उतरायचा, हे तूच लिहिलंस ना? तेव्हापासून मी बसलोच आहे. बोस्टन कुठे आहे ते मला नकाशात दाखवता येणार नाही, पण माझी नोकरी त्यांनी खाल्ली. मला खरं सांग, ते तसंच छापलेलं होतं की दादाने मनचं घातलं?

मावशी म्हणते की कायले एवढा राग करून राहिला, जेव आधी. जेवतो आहे. राग उतरत नाही.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, माझा सध्या जरा आटला आहे.

तुझा
धनीराम


॥ श्री ॥
नागपूर,
१७ फेब्रुवारी १९७८

ती. दादांस,
शोभाचा शि. सा. न. वि. वि.

धनीरामचं पत्र आलं. ते वाचून मला तुमचा राग आला, आणि माझाही. एक नवरा, दोन मुलं, शाळेच्या वह्यांचे गठ्ठे, यातून वेळ काढून मी ते लेख मराठी केले ते तुम्हाला वाचायला मिळावेत म्हणून. भावाच्या पोटावर पाय द्यायला नाही.

तो बोस्टनचा लेख तुम्हाला इतका का आवडला ते मला ठाऊक आहे. आपल्या घरी लुगड्याचं अंग कुणीही विणायचं, पण पदर आला की बाबा सगळ्यांना उठवून स्वतः मागावर बसायचे. सगळ्यांत चांगला हात शेवटी लागतो. तुम्ही मला लिहिलं होतं की हे बोस्टनवाले आपल्यातलेच दिसतात, कोष्ट्याच्या घरी जन्मले असावेत. मी खूप हसले होते. पण दादा, पदर बाबांनी विणला आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलं जायचं. त्या लेखातही पुढे लिहिलं होतं की त्या सहाव्या गड्याला सगळा देश ओळखत होता आणि त्याचा मान पहिल्या पाचांइतकाच होता. एवढा भाग तुम्ही मंडळात वाचून दाखवलाच नाहीत. धनीरामला तो माहीतच नाही.

न्यूयॉर्कच्या काळ्या खेळाडूंच्या संघाचा लेख आठवतो? एकोणचाळीस साली ते व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा जिंकले, तरी गावोगावी त्यांना हॉटेलात कुणी खोली देईना. मंडळात वाचून दाखवताना रडू आलं, असं तुम्ही मला कळवलं होतं. परक्या माणसांवरचा अन्याय तुम्हाला सात समुद्रांपलीकडून दिसला. अंगणातला नाही दिसला.

आता खरी गोष्ट विचारते. परवा राधावहिनी इकडे लग्नाला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की कारखान्याचं पत्र तुम्हाला संक्रांतीलाच आलं होतं, आणि पहिल्या पाचातलेच दोघे घेऊ असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मग त्या सोबत आलेल्या बायकांशी तांदळाच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. दादा, आठ दिवस आधी तुम्हाला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. बोस्टन मध्ये आणू नका.

उत्तर येईपर्यंत पाया पडते आहे असं समजा, पुढचं उत्तरावर.

तुमची
शोभा


॥ श्री ॥
मोहाडी,
२५ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. शोभास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मास्तरीणबाईंनी हातावर छडी मारली. मोठ्या भावाला असे लिहितात हे तुला नागपूरने शिकवले असेल, मोहाडीने नाही.

होय. माहीत होते. राधेला बजावले होते की कुठे बोलायचे नाही, बोलली. या घरात माझे कोण ऐकते? धाकटा भाऊ न सांगता कपड्याची पिशवी घेऊन जातो, बायको लग्नाच्या मांडवात घरची गोष्ट सांगते, बहीण शंभर किलोमीटरवरून जाब मागते. जाब देतो.

तू म्हणतेस बोस्टन मध्ये आणू नका. मग काय आणू? तूच पाठवलेस ते सांगतो. मिनिआपोलिसचा संघ सहा वर्षांत पाच वेळा अजिंक्य ठरला, तो चष्मेवाला उंच गडी होता तोवर. तो थांबला आणि संघ असा खाली आला की शेवटी सगळ्या संघालाच ते गाव सोडावे लागले. बोस्टन तेरा वर्षांत अकरा वेळा जिंकले, कारण त्यांचा मधला गडी तेरा वर्षे कुठे गेला नाही. बाकीचे आले, गेले. एक माणूस जागचा हलला नाही म्हणून एवढे मोठे राज्य उभे राहिले. मला लेखातून एवढेच समजले, आणि ते चूक आहे असे मला अजून कुणी दाखवलेले नाही.

परसराम गेला तर दुसरा परसराम मिळतो. जागेश्वर गेला तरी मिळेल. धनीराम गेला तर मंडळ संपते. चार वर्षे त्याला बसवला तो जिंकण्यासाठी. या वर्षी बसवला तो ठेवून घेण्यासाठी. लिहिले बघ. घे, आता शाळेत फळ्यावर लिही.

तुला काय कळणार, तू गेलीस. इथे दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वाकलेली माणसे आहेत. भंडाऱ्याच्या बाजारात आमच्याशी कुणी धड बोलत नाही, भाव पाडून मागतात. शील्ड येते त्या दिवशी हीच माणसे मोहाडीच्या रस्त्याने मान वर करून चालतात. ते मी केले आहे. मातीच्या मैदानावर, लोहाराकडून रिंग करवून घेऊन. त्यासाठी एका पोराला एक वर्ष थांबवले तर मी कसाई झालो काय?

भंडाऱ्याहून परतताना तो ट्रकमध्ये माझ्याशेजारी बसला नाही, मागे उभा राहिला. तेव्हाच मला कळले होते की मी काय केले. पण कळणे आणि कबूल करणे यात फरक असतो.

आशीर्वाद आहेत. राग आला तरी ते परत घेता येत नाहीत.

तुझा
दादा


॥ श्री ॥
नागपूर,
३ मार्च १९७८

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत म्हणून पाया पडते. बाकी सगळ्यासाठी तोंड बघायची इच्छा नाही.

बोस्टनचा तो मधला गडी तेरा वर्षं राहिला, खरं आहे. पण दादा, तो स्वतः राहिला. त्याला येणारी पत्रं कुणी उशीखाली दडवली नव्हती. तुमच्या समजण्यातली चूक दाखवा म्हणता, ती ही.

आता काय करायचं ते सांगते. धनीरामला तुम्ही स्वतःच्या हाताने सगळं लिहा. आणि साहेबांना पत्र लिहा की धनीराम राखीव नव्हता, तो ठणठणीत होता, तुमचं पत्र वाचून मी त्याला जाणूनबुजून बाहेर ठेवला. मराठीत लिहून माझ्याकडे पाठवा. सात वर्षं मी तुमच्यासाठी इंग्रजीचं मराठी केलं, एकदा मराठीचं इंग्रजी करीन. शब्द मऊ करणार नाही. पंधरा दिवसांत दोन्ही झालं नाही तर तुमचं २५ तारखेचं पत्र मी सानगडीला पाठवून देईन.

रागावलेल्या बहिणीवर माया ठेवता आली तर ठेवा.

शोभा

ता. क. राधावहिनींना काही बोलाल तर मी स्वतः मोहाडीला येईन.


॥ श्री ॥
मोहाडी,
१२ मे १९७८

चि. धनीरामास,
आशीर्वाद.

मागचे पत्र तू न वाचता परत पाठवलेस. हे मावशीच्या हातात द्यायला सांगून पाठवतो आहे. ती तुझ्या समोर बसून वाचेल, कान बंद करून घे पाहिजे तर.

कारखान्याचे पत्र मला संक्रांतीलाच मिळाले होते. पहिल्या पाचातलेच घेणार हे मला माहीत होते. तू जाऊ नयेस म्हणून मी तुला बसवला. मी चुकलो असे लिहायला शोभाने सांगितले आहे. तिने सांगितले नसते तरी लिहिले असते, पण कदाचित फार उशिरा.

साहेबांना पत्र पाठवले होते. काय लिहिले ते विचारू नको, एकदा लिहून झाले, पुन्हा लिहवत नाही. त्यांचे उत्तर आले. एक जागा आणखी निघाली आहे. ५ जूनला सकाळी आठ वाजता नागपूरला चाचणी आहे. जोडे शोभाकडे पाठवले आहेत. तू तिथून परस्पर जा, मला भेटायची अट नाही.

एप्रिलमध्ये तुमसरच्या स्पर्धेत आपण पहिल्याच फेरीत हरलो. तुला बरे वाटावे म्हणून कळवतो.

जिथे असशील तिथे सुखी राहा.

लक्ष्मण


॥ श्री ॥
नागपूर,
२३ जुलै १९७८

ती. दादांस,
धनीरामचा सा. न. वि. वि.

नोकरी मिळाली. १ तारखेला रुजू झालो. ही बातमी तुम्हाला ताईने कळवलीच असेल. मी लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. तीन आठवडे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोक्यातून जात नाही.

चाचणी चांगली झाली. मग साहेबांनी खोलीत बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला की अंतिम सामन्यात तुम्हाला बाहेर काहून बसवलं होतं. मला सगळं माहीत होतं. मावशीने तुमचं पत्र वाचलं होतं, मी कान बंद केले नव्हते. सानगडीहून नागपूरपर्यंत एसटीत मी ठरवत आलो होतो की संधी मिळाली की सांगायचं, माझ्या सख्ख्या भावाने माझा गळा कापला. आणि साहेबांच्या समोर माझ्या तोंडून काय निघालं? की गुडघा सुजला होता, चार महिने त्रास होता, दादांनी काळजीपोटी बसवलं. मी नको नको म्हणत होतो तरी त्यांनी ऐकलं नाही, असंही म्हणालो. इतकं छान खोटं मला जमतं हे मलाच माहीत नव्हतं.

साहेबांनी खण उघडला आणि ताईच्या अक्षरातलं इंग्रजी पत्र काढून मला मराठीत सांगायला लागले. गडी ठणठणीत होता. दोष त्याचा नाही, माझा. माझ्या स्वार्थासाठी त्याला बसवला. खाली तुमची सही. मग ते म्हणाले की दोघा भावांतला एक जण खोटं बोलतो आहे, कोण ते सांगा. मला म्हणावं लागलं की मी. लाज वाटली. कारखान्यात पाय ठेवायच्या आधी खोटारडा ठरलो.

दादा, जन्मात एकदा तुमची अब्रू झाकायला निघालो होतो, तेही तुम्ही जमू दिलं नाही. आधीच जाऊन स्वतःच उघडे पडून बसलात. मला न सांगता सगळं ठरवायची तुमची सवय कधी जाणार? वाईट करता तेही परस्पर, चांगलं करता तेही परस्पर. कुठल्याच बाबतीत माणसाला विचारायचं नाही.

साहेब नंतर हसले आणि म्हणाले की असे भाऊ दोघेही चालतील, पण जागा एकच आहे. मला हसू आलं नाही. बाहेर येऊन सायकलींच्या छपराखाली रडलो. रागाने.

तुमसरला हरलात हे ऐकून मला बरं वाटलं होतं. ते दोनच दिवस टिकलं. खेमराजला उतरवता म्हणे माझ्या जागी. तो उडी मारायच्या आधी खाली बघतो, त्याला सांगा. नाही तर राहू द्या, तुमचं तुम्ही बघा.

याचं उत्तर लिहू नका. तुमची पत्रं वाचून माझं डोकं फिरतं आणि आठ दिवस कामात लक्ष लागत नाही. रविवारी सुट्टी असते. वहिनीला घेऊन पहिल्या एसटीने या. मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि ते पत्रात जमत नाही.

आपला धाकटा,
धनीराम