बाबांचे एकेचाळीस शब्द

मी, कुमारी बना सोनबा ओव्हाळ, बी. ए., वय सव्वीस, धर्म बौद्ध, प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे पासली, वेल्हे, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर आहे आणि कोणाच्या दडपणाखाली नाही. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. परत आले नाही तर पुढीलप्रमाणे व्हावे. लिहितानाही दम लागतो, म्हणून थोडक्यात लिहिते.

१. घरातला माझा हिस्सा थोरला भाऊ ज्ञानू यास. मला शिकता यावे म्हणून त्याने चौथीतून शाळा सोडली. घरात हे कोणी बोलून दाखवत नाही. कागदावर तरी असावे.

२. पोस्टातली शिल्लक आई फुलाबाई हिची.

३. पुस्तके विंझरच्या शाळेस. साळूवहिनी म्हणतात, "वन्सं, तुमच्या पुस्तकांस्नी चारा लागत न्हाई म्हणून बरं." त्यांचा माळा मोकळा होईल. मनगटी घड्याळही वहिनींनाच. त्यांनी कधी मागितले नाही, पण त्याकडे बघताना मी त्यांना पाहिले आहे.

४. बाबांचा लोखंडी आकडा ज्ञानूस. मुंबईच्या गोदीत वीस वर्षे बाबा याच आकड्याने पोती ओढून जहाजात रचत होते. गावी परतल्यावर भाताची पोतीही तशीच रचायचे: जड ते तळाला, आधी लागणारे ते वर, आणि दोर बांधल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. माझी ट्रंक त्याच रीतीने भरली आहे. उपसू नये, वरून एकेक काढावे.

५. वही. खरे तर हिच्यासाठीच हे सगळे लिहीत आहे.

कॉलेजात असताना सुट्टीत मी बाबांकडून गोदीतले शब्द उतरवून घेतले. फाळका म्हणजे जहाजाच्या पोटाचे झाकण. हबेस म्हणजे उचला, आरिया म्हणजे खाली सोडा. आलात म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा जाड दोर. असे एकेचाळीस. मला ते अशुद्ध वाटले. कोणी सांगितले नव्हते. मीच तांबड्या शाईने खोडले आणि शेजारी संस्कृत शब्द घडवून लिहिले. फाळक्याचे 'नौकोदरद्वार' केले, आरियाचे 'अवतरणाज्ञा'. कॉलेजच्या वार्षिकात ती यादी माझ्या नावाने छापून आली. मी हौसेने बाबांना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "पोरी, ह्यातला एक बी शबूद म्या कधी उचलला न्हाई."

त्यानंतर काही विचारले की म्हणत, "इसारलो." दोन वर्षांनी ते गेले. राहिलेले शब्द आता फक्त त्यांच्या टोळीतल्या हैबतीबाबांना येतात, आणि ते सत्तरीच्या पुढे आहेत.

वही ज्ञानूने घ्यावी, हैबतीबाबांजवळ बसावे आणि ते बोलतील तसे लिहावे. "माजं अक्षर म्हंजी चिखलात बैल चालल्याला," असे तो म्हणतो. चालेल. छापलेले वार्षिक चुलीत घालावे.

६. माझे तेरावे घालू नये. त्रिसरण-पंचशील म्हणावे आणि कामाला लागावे.

७. साक्षीदारास काही ठेवता येत नाही असे समजले, म्हणून हैबतीबाबांना माझी शाल आजच दिली. "जित्तेपनी दिल्याली बरी," म्हणाले.

८. हे कलम मागाहून जोडले आहे. वहीसकट सर्व वाचून दाखवल्यावर हैबतीबाबांनी शाई लावलेला अंगठा मागे घेतला. "नीरम कुठं हाय ह्यात?" मी म्हटले, बाबांनी हा शब्द मला सांगितला नव्हता.

"माल उतारला की जहाज हलकं हुतं, लाटंत कलंडतं. मंग त्येच्या पोटात दगूड भरत्यात. त्येला नीरम म्हनत्यात." मग म्हणाले, "तू पुण्याला कालेजात गेलीस, तवा तुजा बा सांच्याला माज्याकडं येऊन बसायचा. म्हनायचा, हैबती, घरात नीरम ऱ्हायलं न्हाई गड्या."

मी लेखणी शेजारी बसलेल्या ज्ञानूच्या हातात दिली. वहीतला बेचाळिसावा शब्द त्याच्या अक्षरात आहे. तो कोणी सुधारू नये.

ठिकाण: पासली
तारीख: ९ फेब्रुवारी १९७२

सही: बना सोनबा ओव्हाळ

साक्षीदार:
१. हैबती म्हादू ओव्हाळ, माजी गोदी कामगार, पासली. निशाणी डाव्या हाताचा अंगठा
२. दादू भिमा गायकवाड, शिक्षक, विंझर. सही