एमाची खुर्ची

९ सप्टेंबर, मंगळवार

वरच्या मजल्यावरची एमा आजही शाळेत गेली नाही. ही अशीच घरी बसणार असेल तर दिवाळीत न्यूझीलंडला परत जाऊ, असं तिची आई हेलन म्हणाली. नवराबायको इथल्या शिक्षकांना विनामोबदला प्रशिक्षण देतात, ते अर्ध्यावर टाकून? मला पटलं नाही. मी पोरीलाच खाली बोलावून विचारलं.

"आजी, सगळे सतरंजीवर बसतात. मला एकटीला खुर्ची. डबा खातानापण मी वर, बाकी सगळे खाली."

खुर्ची! हेलनला हे माहीत होतं. तिला तो शाळेचा चांगुलपणा वाटला. शिक्षकांना मुलांमध्ये खाली बसायला शिकवते, आणि मुलीची खुर्ची खटकली नाही? जाईल तिथे तिलाही खुर्चीच मिळते, म्हणून असेल.

मुख्याध्यापकांना फोन लावला.

"अहो मॅडम, पाहुण्यांची मुलगी खाली कशी बसवायची?"

"पाहुणे चार दिवसांचे असतात. हे दोन वर्षं राहणार आहेत."

ते हसले. "बरं, काढतो खुर्ची. पण मग बडबड केली तर बाकीच्यांसारखी बोलणी खाईल."

मी दोघींना ते जसंच्या तसं सांगितलं. हेलनचा चेहरा पडला. मुलांवर ओरडू नका, हा तिच्या प्रशिक्षणातला पहिलाच धडा. एमाने मात्र "मलापण ओरडतील? खरंच?" असं विचारलं आणि दप्तर भरायला वर पळाली.