खडी, डिंक आणि अडलेला सांधा

तीर्थस्वरूप दादा,

वाकून नमस्कार. (पाठ वाकू देते तितकाच, उरलेला समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनी फोनवर सांगत होती, निवृत्त झाल्यापासून तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीस, जेवतोस आणि भिंतीकडे बघत बसतोस. तीस वर्षं रुळांची देखरेख करत चाललेल्या माणसाने भिंत काय बघायची? मला हे अजिबात पटलेलं नाही. पण माझं तू ऐकतोस कधी!

निवृत्तीआधी आला होतास त्या खेपेला माझी टेबलावरची आगगाडी बघून तू म्हणालास, "इथून आजवर एक तरी गाडी गेलीय का? खडी कुठंय? गंज कुठंय?" आणि अर्धा चहा टाकून उठलास. ते असं जिव्हारी लागलं, की तेव्हाच ठरवलं, तुझ्या तोंडून "हो, हा रूळ आहे" असं वदवून घेतलं नाही तर नावाचा शिंपी नाही.

खडीसाठी शेजारच्या बांधकामावरून रेती आणली आणि हिच्या चहाच्या गाळणीने चाळली. (गाळणी आता माझी. नवी येईपर्यंत आम्ही चोथ्यासकट चहा पितोय.) रुळांखालच्या आडव्या स्लीपरांच्या मधे चिमूट चिमूट टाकून दाढीच्या ब्रशने सारखी केली. दोन दिवसांत दोन हात रूळ झाला, आणि मला शिंक आली. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी नाकाला रुमाल बांधून. मग पातळ केलेला डिंक ड्रॉपरने सोडला, तर थेंब दाणे गोळा करत घरंगळत गेला. आधी साबणाचं पाणी फवारायचं, म्हणजे डिंक खाली झिरपतो, हे खेळण्यांच्या दुकानदाराने नंतर सांगितलं. (लोक सगळं नंतरच सांगतात.) फवारलं. डिंक इतका झकास झिरपला, की गाडी रूळ बदलते त्या सांध्यातही गेला. आता सांधा ढिम्म हलत नाही.

रूळ मळवणं त्याहून अवघड. जन्मभर गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग लागू नये म्हणून जीव टाकला, आणि आता हाताने डाग पाडायचे! पहिल्या दिवशी हातच उचलेना. शेवटी रुळांच्या कडांना तपकिरी रंग दिला, इंजिन थांबतं तिथली खडी काळी केली. पण हात एकदा सुटला तो सुटलाच. रुळांच्या माथ्यावरही रंग फासला. वीज पोचेना. इंजिन गेलं समजून मी ते खोलून बसलो. ही म्हणाली, "आधी रंग पुसून बघा की." पुसला. चाललं. (जोडताना दोन स्क्रू उरले. वहिनीला सांगू नकोस.)

एवढा सांधा सोडला तर सगळं जमलंय. मी हटणार नाही, दादा.

तुझा,
धाकटा

ता. क. दुकानदार म्हणतो, नवा सांधा बसवा. मी म्हटलं, माझा भाऊ आहे अजून. रविवारी ये. मोठी हातोडी मात्र घरीच ठेव.

ता. क. खडीला नावं ठेवायची तर इथे येऊन ठेव. फोनवर मी एक शब्द ऐकून घेणार नाही.

ता. क. भावोजी, पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं, म्हणून दोन ओळी माझ्या. सांधा मी त्याच दिवशी कोमट पाण्याने सोडवला होता, गाडी छान पळत होती. परवा जाऊबाईंचा फोन आला. तो ठेवला आणि हे उठून आत गेले, डिंकाची बाटली घेतली, माझ्या डोळ्यांदेखत सांधा पुन्हा चिकटवला. तुम्ही याच. आणि आल्या आल्या सोडवू नका, चांगले आठ-दहा दिवस लावा.