पाव्हण्याचं दुखणं

॥ श्री ॥

ढवळमळा, ता. पारनेर
८ जून २०२५

चि. सौ. रोहिणीस,
मुक्ताचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, कोनी गेलं न्हाई. तू माझा नंबर मोबाईलात बंद करून टाकलास, म्हनून पोस्टातनं आंतरदेशीय आनलं. सातवीनंतर कागदावर हात बसलाच न्हाई, तवा अक्षराला हसू नको.

इकडं सगळं बरं हाय. बाजरीचं रान तयार हाय. ह्यांचा गुडघा दुखतो पन दवाखान्याचं नाव काढलं का गोरक्षराव गोठ्यात जाऊन बसत्यात. आमच्या समर्थला पुन्यात काम लागलं, चार पोरांत खोली घेऊन ऱ्हातो. ओंकार भाऊजींचा फोन ह्यांना येतो, त्यातनं तुमचं कळतं.

आपल्या सासऱ्यांच्या, मामांच्या दहाव्याला तू तोंड फिरवून गेलीस ती गेलीसच. आपन दोघी सख्ख्या जावा, आन वैर कशापायी, तर एका उंदरापायी! दहाव्याचं घर, भावकी दारात, भटजी बसलेले, आन मधल्या घरात तुझा पिंजरा. चुलत सासरे काकासाहेब नाकाला उपरनं लावून बसले हुते. मी सालगड्याला, वाल्मिकला, सांगून पिंजरा गोठ्याच्या पडवीत ठेवला. जनावर जनावरांत ठेवलं, रानात तर न्हाई सोडलं? शहरात ऱ्हाऊन तुझं काळीज लोन्याचं झालंय.

राग आवर. सन-वार आल्यावर भाऊजींना घेऊन ये. भुईमुगाच्या शेंगा बाजूला काढून ठेवल्यात.

जास्त काय लिहू. आठवन ठेव, माया ठेव.
तुझी,
मुक्ताअक्का

॥ श्री ॥

नागापूर
१७ जून २०२५

ती. स्व. मुक्ताअक्कांस,
रोहिणीचा सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. ठेवून घेतले नाहीत.

फोन सुरू करणार नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल त्याचा मला भरवसा नाही. कागदावर थोडं थांबता येतं.

तो उंदीर नाही, गिनी पिग आहे, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले आणि त्याला मागं टाकून गेले. मामांची डावी बाजू तेव्हा नुकतीच गेली होती. मी सहज त्याला त्यांच्या मांडीवर ठेवला, तर मामा उजव्या हातानं त्याला कोथिंबीर भरवायला लागले. नावही त्यांनीच ठेवलं, पाव्हणा. शेवटी शेवटी मामांची जीभ इतकी जड झाली की मुलालाही त्यांचं बोलणं कळेना, पण पाव्हणा एवढं नीट म्हणायचे. तुम्हाला हे ठाऊक नसणारच. मामा इथे अंथरुणावर असताना तुम्ही दोनदा आलात, आणि दोन्ही वेळा शेवटची एस.टी. चुकेल म्हणून चहा अर्धा टाकून उठलात.

पडवीला भिंत नाही, अक्का. मार्गशीर्षातली थंडी. तुम्ही मला न सांगता पिंजरा बाहेर काढलात आणि मी रडत्या माणसांत बसलेली. सकाळी मला तो सापडला तेव्हा खालचं गवत गोमूत्रानं भिजलेलं होतं, तो कोपऱ्यात फुगून बसला होता आणि छातीत घरघर होती. मी विचारलं तर तुम्ही सगळ्यांसमोर हसून म्हणालात, की सासरा गेल्याचं पाणी डोळ्यांत दिसलं नाही आणि उंदरासाठी बाई रडते.

तेव्हापासून त्याचं एक फुप्फुस कामाचं राहिलेलं नाही. हवा बदलली की नाक वाहतं, खाणं सुटतं. या जनावराचे दात जन्मभर वाढतात. चावलं नाही की दाढा आत वाढून जिभेवर येतात. मग भूल देऊन त्या घासाव्या लागतात, आणि असल्या छातीनं भुलीतून तो उठेल का, हे नगरचे डॉक्टर दर वेळी मला आधीच विचारून ठेवतात. वाळल्या गवताची पूड भिजवून सुई नसलेल्या सिरिंजनं भरवते. पेरू, शिमला मिरची किसून घालते. वाफेचं मशीन आणलंय. जेवणाच्या सुटीत कंपनीतून पळत घरी येते, भरवते, पळत जाते.

तुम्हाला विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. दर वेळी त्याला मांडीवर घेतलं की तुमचं ते हसणं समोर येतं. मी शिव्या देत नाही. वाट बघते.

गोरक्षदादांना नमस्कार. शेंगा ठेवू नका, किडतील.

रीतीप्रमाणे आपली,
रोहिणी

॥ श्री ॥

ढवळमळा
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रोहिणीस,
अ. उ. आ. वि. वि.

दिवाळी झाली. तुमी आला न्हाईत. भावकीनं विचारलं, मी सांगितलं भाऊजींना सुटी न्हाई.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं न्हाई कारन द्यावं आसं काय सुचलं न्हाई. एका जनावराला गार वारं लागलं, त्याचा तू केवढा डोंगर केलास! आमच्या इथं म्हशी थंडीत बसत्यात, शेळ्या बसत्यात. आसो.

आता काम सांगते. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. चुलीपुढं बसलं तरी जाळ दिसत न्हाई. नगरला ऑपरेशन ठरलंय. डाक्टर म्हनतात नंतर पंधरा दिवस धुळीचा प्रवास नको, आन डोळा तर सारखा दाखवाय यावं लागंल. समर्थ तिकडं लांब पुन्यात, आन त्याच्या खोलीवर बाईमानूस कशी ऱ्हानार? हे म्हनले का रोहिणीकडं ऱ्हा, नागापूर नगरातच हाय. मी न्हाई म्हनत हुते. मग म्हनलं, घर माझ्या दिराचंच हाय.

मी मागत न्हाई, विचारते. जमत नसंल तर तसं लिही. पन लौकर लिही.

तुझी,
मुक्ताअक्का

॥ श्री ॥

नागापूर
२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. मुक्ताअक्कांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार बरं वाटलं. विचारायचं काय त्यात? हे घर तुमचंच आहे. अवश्य या.

ओंकारना कंपनीनं मशीन बसवायला गुजरातला पाठवलंय, पण काळजी करू नका. मी रजा टाकते. डोळ्यात औषध घालणं, पथ्याचं जेवण, रिक्षानं दवाखान्यात नेणं-आणणं, सगळं मी बघेन. आजारी जिवाचं कसं करायचं याची मला आता सवय झालीय.

जागेचा विचार मनात आणू नका. तुमच्यासाठी अगदी मोकळी, हवेशीर जागा काढून ठेवते. अंथरूण-पांघरूण आणू नका, इथे आहे.

दादांना सांगा, निर्धास्त असा.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
रोहिणी

॥ श्री ॥

ढवळमळा
४ जानेवारी २०२६

रोहिणीस,
आशीर्वाद. वि. वि.

डाव्या डोळ्यानं लिहिते हाय. ओळी वाकड्या जात्यात, जाऊ दे.

तुला वाटलं आसंल म्हातारीला कळलं न्हाई. पहिल्याच दिवशी कळलं. दवाखान्यातनं आलो, तू मला हाताला धरून आत नेलंस. बाहेरच्या खोलीत दिवान हुता, त्यावर पिंजरा, पिंजऱ्यावर मामांची शाल, शेजारी वाफेचं मशीन. आन तू मला तशीच पुढं नेलंस ते गॅलरीत. तिथं सतरंजी टाकलेली. खाली कंपन्यांचा रस्ता, दिवसरात ट्रक. तू म्हनालीस का आत औषधाचा वास मारतो, हितं तुमाला हवा लागंल. म्हनताना तू हसलीस. तवा मला कळलं.

मी तरी कोनत्या तोंडानं बोलू? आन मला वाटलं, दोन दिवसांत हिचा राग निवंल. तू गरम भाकरी वाढलीस, औषध येळेवर घातलंस. त्यात खोट काढनार न्हाई. पन गॅलरीतनं आत घेतलं न्हाईस. अंगावर पांघरलेल्या चादरीवर रोज सकाळी हाताला धूळ लागायची.

मग डोळा लाल झाला, ठनका लागला. तू धावपळ केलीस, रिक्षात माझं डोकं धरून बसलीस. डोळ्यात सुया टोचल्या. आता उजव्या डोळ्यानं मानूस हाय येवढं कळतं, कोन हाय ते कळत न्हाई. डाक्टर म्हनतात, कशानं झालं ते सांगता येत न्हाई, कुनालाबी होतं. व्हय, होत आसंल.

मामांच्या वर्षश्राद्धाला काकासाहेबांनी समद्यांपुढं विचारलं, का डोळा आसा कसा गेला, सुनेनं जपलं न्हाई का. तू वाढत हुतीस, तुझ्या हातातली पळी थांबलेली मी पाहिली. मी सांगितलं का मीच हट्टानं गॅलरीत निजले, मला कोंडल्यागत होतं, रोहिणीनं लई इनवलं, मी ऐकलं न्हाई. मग बाया तुझं कवतिक करू लागल्या. आसली जाऊ मिळाय नशीब लागतं म्हनाल्या. तू मान खाली घालून खीर वाढत ऱ्हायलीस.

ते मी तुझ्या मायेपोटी केलं आसं समजू नको. खरं सांगितलं आसतं तर भावकीनं तुला चार शब्द सुनावले आसते, भाऊजींनी आठ दिवस अबोला धरला आसता, आन झालं, तू सुटली आसतीस. मला तुला सोडायचं न्हाई. मी तुझ्या जनावराला बोट लावलं न्हाई, फकस्त त्याची जागा बदलली. तूबी मला बोट लावलं न्हाईस. आता तू चांगली जाऊ म्हनूनच जग.

माया ठेव आसं लिहायची रीत हाय. लिहिली समज.
मुक्ता

॥ श्री ॥

नागापूर
१५ जानेवारी २०२६

ती. स्व. मुक्ताअक्कांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा पाव्हणा माझ्या मांडीवर होता. परवाच त्याच्या दाढा घासून आणल्या. या खेपेला भुलीतून उठायला त्यानं फार वेळ घेतला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी विचार करावा लागेल. तो पार वाळलाय, कुशीला हाडं लागतात. तरी त्यानं सिरिंजचं टोक दातांत धरलं आणि मी तुमचं पत्र दुसऱ्या हातात धरून वाचलं.

गॅलरीत तुम्हाला मीच झोपवलं, जाणूनबुजून झोपवलं. तुम्ही खोकलात की मला आत बरं वाटायचं. एवढंच हवं होतं मला, की तुम्हाला थंडी वाजावी आणि कुणी विचारू नये. डोळा जावा असं माझ्या मनात नव्हतं. पण डॉक्टरांनी धूळ टाळा म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं, तेव्हा मनात नव्हतं म्हणून माझी सुटका होत नाही.

तुम्ही म्हणता तसंच झालंय. त्या दिवशी माझी खिरीची वाटी मी तशीच नेऊन मोरीत ओतली. आणि त्याहून वाईट एक झालंय, ते तुम्हाला कळवते, तुम्हाला बरं वाटेल. इतके दिवस मी त्याला भरवायला बसले की तुमचा राग यायचा. त्या रागात जोर होता, अक्का. कंपनीतली पाळी संपवून दमून आले, तरी त्या रागावर मी उठायचे, पूड भिजवायचे. आता त्याला मांडीवर घेतलं की तुमचा तो पट्टी बांधलेला डोळा दिसतो. राग येत नाही. हात मात्र जड होतात.

पण मी अशी राहणार नाही. तुम्ही मला अडकवून ठेवायचं ठरवलंत, ते मला मान्य नाही. रविवारी गोरक्षदादा इकडे आले होते. ओंकारही घरी होते. मी दोघांना समोर बसवलं आणि पडवीपासून गॅलरीपर्यंत सगळं सांगितलं. तुम्ही वर्षश्राद्धाला खोटं बोललात, तेही सांगितलं.

ओंकार उठून गेले. अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि आठ दिवसांत बोलतील असंही मला वाटत नाही. दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले की जनावर दाखव. मी पिंजऱ्यावरची शाल बाजूला केली. त्यांनी वाकून पाहिलं, आणि हा बरा होईल का असं विचारलं. मी नाही म्हणाले. मग मी तुमच्या डोळ्याचं विचारलं. तेही नाही म्हणाले. त्यांनी शाल परत नीट पांघरली आणि टोपी घालून स्टँडकडे निघाले. मी रिक्षापर्यंत गेले, तर म्हणाले की दोन्ही घरांत माणसं असून बाप एकटा त्या जनावराशी बोलत मेला, ते आधी बोला.

त्यांनी घरी येऊन तुम्हाला काही सांगितलं का, मला माहीत नाही. काकासाहेबांनाही मी कळवणार आहे. भावकीला काय सुनवायचं ते सुनावू दे. तुम्ही आता माझं काही झाकून ठेवायचं नाही आणि मी तुमचं झाकणार नाही.

माफी मागत नाही. तुम्हीही मागितलेली नाही. पाव्हण्याची छाती आणि तुमचा डोळा, दोन्ही भरून येणार नाहीत. मग कोण कुणाला काय माफ करणार?

पुढच्या गुरुवारी तुम्हाला डोळा दाखवायचा आहे. ओंकार रविवारच्या आधीच रजा घेतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. तुम्ही पारनेरहून सकाळच्या गाडीनं या, मी स्टँडवर असेन. बोललो तर भांडण होईल, म्हणून मी बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. पण त्या दवाखान्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि एका डोळ्यानं पायरीचा अंदाज येत नाही. मी हात पुढे करीन. तेवढा धरा.

लोभाचं मग बघू.
आपली,
रोहिणी