एक उसना घेतला तर दहा कसे?

मुक्काम तेर, जिल्हा उस्मानाबाद
माहे इस्फंदार, सन १३५२ फसली (तुमच्या इंग्रजी हद्दीत कोणतं साल चालू आहे ते तूच बघून घे)

चिरंजीव गुरुलिंग, सोलापूरचे मोठे ट्रेण्ड मास्तर, यास तेरच्या बिनट्रेण्ड बंडप्पामामाचा आशीर्वाद पोचावा.

माझा घसा सोडला तर इथं सगळ्यांची प्रकृती उत्तम आहे. घसा कशानं गेला ते पुढं येईलच. रुद्रम्माक्काचे गुडघे कसे आहेत? तुझ्या आईला माझा निरोप दे, म्हणावं सोलापुरात जिने चढशील तर गुडघे जाणारच. तेरला चढायला काही नाही म्हणून आमचे शाबूत आहेत. तुमच्यासाठी हुरडा धाडणार होतो. पण यंदाचा आमचा सगळा हुरडा शिक्षणाचा दर्जा वाढवण्यात खर्ची पडला. हसू नको, खरं सांगतोय.

दर्जा हा शब्द तुला तिकडं रोज ऐकायला मिळत असेल. आमच्याकडं तो दिवाळीनंतर आला आणि थेट महांतप्पा आडत्याच्या डोक्यात शिरला. महांतप्पा तुला आठवतोच. त्याच्या आडत दुकानाच्या ओसरीवर आपली शाळा भरते, म्हणून तो स्वतःला तिचा मालक, अध्यक्ष आणि (श्रावणात) आश्रयदाता म्हणवतो. हा गृहस्थ लातूरला मेव्हण्याकडं गेला, तिथं कुणाची तरी खाजगी शाळा बघून आला, आणि आल्या पावली मला म्हणाला, मास्तर, आपली शाळा लई मागं पडली, उद्यापासनं दर्जा वाढवायचा. मी म्हटलं, वाढवा. लगेच त्यानं एक दर्जावर्धक मंडळ काढलं. मंडळात तो एकटाच आहे, त्यामुळं सगळे ठराव एकमतानं होतात.

पहिला ठराव पाटीचा. गेली चौदा वर्षं लोक 'महांतप्पाच्या ओसरीवर' म्हणायचे. आता तिथं 'ज्ञानप्रकाश आदर्श खाजगी पाठशाळा' झाली. (लोक अजून 'ओसरीवर'च म्हणतात.) दुसरा ठराव घड्याळाचा. ते त्यानं कुठल्याशा लिलावातनं आणलं. ते चालत नाही, अकरावर थांबलेलं आहे, आणि शाळा अकराला भरते. तेव्हा कुणी कधीही आलं तरी आम्ही वेळेवर. तिसरी घंटा. ती पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायची आहे, वाजली की अर्धी पोरं दावणीकडं पळतात. चौथा ठराव माझ्या अंगावर पडला. दर्जेदार मास्तरला कोट पाहिजे, म्हणून महांतप्पानं आपल्या जावयाचा जुना कोट मला घातला. तो मला काखेत इतका घट्ट आहे की हात वर करून फळ्यावर लिहिता येत नाही. पण फळा नाहीच, त्यामुळं निभावलं. मास्तरला काय येतं, पोरांना काय कळतं, यावर मंडळात चर्चा झाली नाही. व्हायचं कारणही नव्हतं. आपल्या गावात शाळेची परीक्षा कानानं होते, हे तू विसरला नसशील.

विसरला असशील तर सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. शाळेचा आवाज जेवढा लांब जाईल तेवढी शाळा चांगली. आठवडी बाजाराला आलेला कुणबी वेशीपाशी उभा राहून कान देतो, आणि पाढे तिथवर ऐकू आले तरच पोरगं शाळेत घालतो. महांतप्पा काट्यापाशी बसून आमचा आवाज ऐकत असतो. जरा उतरला की आतून विचारतो, मास्तर, जागे आहात का? म्हणून मी चारही इयत्ता एकदम ओरडायला लावतो. पहिली बे म्हणते, दुसरी पावकी, तिसरी दिडकी, चौथीनं काहीही म्हणावं, पण जोरात. त्या गदारोळात मी कित्येक दुपारी डोळे मिटून घेतलेत आणि त्यानं कुणाचं शिक्षण अडल्याचं माझ्या कानावर नाही. याला मी चौदा वर्षं मास्तरकी म्हणत आलो. तू दोन वर्षं ट्रेनिंगात बसून मास्तरकी शिकलास हे अक्कानं सांगितलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. अरे, ही काय शिकायची गोष्ट आहे? घसा असला की झालं!

पण महांतप्पाला एवढ्यावर राहवलं नाही. शाळेला सरकारी मंजुरी पाहिजे म्हणून त्यानं दरखास्त टाकली. मी त्याला हात जोडून म्हणालो, मालक, झोपलेल्याला उठवू नका. दरखास्त गेली, आणि तिच्या मागोमाग हुकूम आला की तालीमातचे साहेब (तुमच्या हद्दीतले शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर म्हण) येऊन मुआयना करतील; शिकवणं पसंत पडलं तर मंजुरी, नाही तर खाजगी शाळा बंद. बंद म्हणजे काय ते कळतंय ना तुला? मला दुसरं काही येत नाही रे. शेत भावकीत गेलं, काटा धरायला गेलो तर हात कापतात. ती ओसरी गेली तर बंडप्पा मास्तरातला नुसता बंडप्पा उरतो, आणि त्याला गावात कुणी ओळखत नाही.

साहेब बाजारादिवशीच आले, बैलांच्या दमणीतनं. महांतप्पानं त्यांना आल्याबरोबर हुरडा चारला, दुपारी परत चारला, बरोबरच्या शिपायालाही चारला (तुमचा वाटा तो हाच). साहेब माणूस साधा, मराठी आपल्यासारखंच बोलणारा. मी कोट घालून छडी उचलली आणि चारही इयत्ता सोडल्या. असा आवाज लागला म्हणून सांगू! ओसरीच्या कौलातनं धूळ पडली. मला भरून आलं. साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडले, खामोश!

पोरं गप्प झाली. गुरुलिंगा, चौदा वर्षांत भर दुपारी, भरलेली शाळा पहिल्यांदा गप्प झाली. एका क्षणात बाजार थांबला. न्हाव्यानं अर्धी हजामत सोडली, बाया पाटीतली वांगी तशीच टाकून उठल्या, आणि कोण गेलं, कोण गेलं करत अख्खा बाजार ओसरीकडं धावला. वीरप्पा तेली तर टोपी हातात घेऊन, चेहरा पाडून आला, आणि मला धडधाकट उभा बघून मेल्याचा जरा हिरमोडच झाला. साहेबांना काय झालं ते कळेना. महांतप्पा सगळ्यांना सांगत सुटला, कुणी मेलं न्हाय, परीक्षा चालली आहे! लोक म्हणाले, आलोच आहोत तर बघून जाऊ, आणि सगळे तिथंच बसले.

आता एवढ्या जत्रेसमोर साहेब म्हणाले, मास्तर, वजाबाकी शिकवून दाखवा. मी चौथीतल्या कस्तुराला उठवलं. धुळाप्पा मापाड्याची ही लेक, शाळेतली एकुलती एक पोरगी, नऊ वर्षांची, आणि आवाजात कुणाला हार जाणारी नाही. (धुळाप्पा महांतप्पाकडं ज्वारी मापतो. अक्षरशत्रू माणूस. दहा मापं झाली की एक चिंचोका बाजूला ठेवतो, म्हणजे आकडा चुकत नाही. आम्ही शिकलेली माणसं त्याला हसतो.) मी पाटीवर बेचाळीसातून सतरा मांडले आणि माझ्या रीतीनं सुरू केलं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या चाराकडून एक उसना घ्यावा, दोनाचे झाले बारा, बारातून सात गेले, राहिले पाच. कस्तुरा पाटीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, एकच घेतला ना? मग दोनाचे तीन व्हावं. बारा कसं झालं? माझी माय शेजारणीकडनं एक भाकर आणती, तर घरात येऊस्तोवर तिच्या दहा व्हत न्हायत्या."

बाजार हसला. साहेब नाही हसले. माझ्याकडं वळून म्हणाले, पोरीनं बरोबर विचारलं, सांगा मास्तर. मी म्हणालो, साहेब, अशी रीत आहे. ते म्हणाले, रीत ठाऊक आहे, का ते सांगा. मी छडीकडं बघितलं. ती हातातच होती, पण साहेबांना कशी मारणार? मग मी खोकलो. खोकला लांबवला, इतका लांबवला की खरंच घसा बसला आणि अजून उठला नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि होळीनंतर परत येतो म्हणाले. तेव्हा हाच प्रश्न, हाच मास्तर, आणि उत्तर नसेल तर शाळेला कुलूप. महांतप्पानं त्याच संध्याकाळी मंडळाची बैठक घेऊन ठराव केला की मोठी घंटा आणावी.

तर असा आमचा दर्जा वाढतो आहे. तुमच्या त्या ट्रेनिंगात असली भाकरीची सोंगं शिकवत असतील तर तुमचं तुम्हाला लखलाभ. आम्हाला त्याची गरज नाही, चौदा वर्षं पडली नाही. अक्काला नमस्कार, तुला आशीर्वाद, शेजारपाजाऱ्यांना शरणार्थ.

तुझा मामा
बंडप्पा

ता. क. सोलापुरात खडू बरे मिळतात असं ऐकतो. एक पेटी धाडून दे. मुद्दाम पत्र लिहिलं ते त्यासाठीच.

आणखी एक ता. क. फळा नसताना खडू कशाला, असं तू विचारशील. तुझी लहानपणापासूनची खोड आहे ती. खडू राहू दे. वजाबाकीवर तुमच्या ट्रेनिंगात काही टिपणं दिली असतील तर ती धाड. मला नकोत, महांतप्पाला पाहिजेत. अक्काला यातलं काही सांगू नको.

शेवटचं ता. क. महांतप्पाला नकोत, मलाच पाहिजेत. साहेब गेले त्या दिवशी कस्तुरा शाळा सुटल्यावर सरळ काट्यापाशी बापाकडं गेली. मी कोट काढत बघत होतो. तिनं काहीतरी विचारलं. धुळाप्पानं मापणं थांबवलं नाही, नुसता एक चिंचोका उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि हसला. पोरीनं तो उलटसुलट करून बघितला, मग खुदकन हसली. तेव्हापासून ती पहिल्या ओळीत बसते आणि काही विचारत नाही. तिला कळलंय रे. मला नाही. मी पण एक चिंचोका आणलाय, तो या पत्राशेजारी ठेवलाय, कितीदा बघितलं तरी मला एकच दिसतो. पोरीला विचारावं तर मी मास्तर. धुळाप्पाला विचारावं तर चौदा वर्षं त्याला हसलो.

तू नऊ वर्षांचा असताना याच ओसरीवर हेच विचारलं होतंस. मी तुझी पाटी फोडली, छडी मोडेपर्यंत मारलं, आणि अक्का तुला घेऊन सोलापूरला गेली. गावात मी सांगितलं, पोरगं उद्धट होतं. उद्धट नव्हतास. मला तेव्हाही येत नव्हतं.

तर गुरुलिंगा, होळीच्या आत मला एवढं समजावून लिही. मोठ्या अक्षरात लिही. पहिल्यांदा नाही कळलं तर मी परत विचारीन, तेव्हा रागावू नको. तुमच्या ट्रेनिंगात छडी शिकवत नाहीत असं अक्का सांगत होती. ते खरं असू दे.